जुन्या मोटारीची टाकी आणि कायद्याचे मौन

मोटारीचे आयुष्य किती, हे कारखान्याने ठरवावे अशी कारखानदारांची समजूत असली तरी ते खऱ्या अर्थाने तालुक्याच्या गावचा मिस्त्री ठरवितो, हा परभणी जिल्ह्याचा जुना अनुभव आहे. कारखाना बंद पडतो, विक्रेता दुकान आवरतो, सुटे भाग मिळेनासे होतात. तरीही जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड येथील एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची जीप किंवा फियाट पुन्हा धडधडू लागते. इंजिनाचे रिंग-पिस्टन भंगार बाजारात हुडकता येतात, चाकांचे बेअरिंग दुसऱ्या गाडीचे बसते, काचही कापून घेता येते. एक वस्तू मात्र सहजासहजी मिळत नाही, ती म्हणजे इंधनाची टाकी. ती तळातून कुजते. कारण पेट्रोलपेक्षा जड असलेले पाणी तळाशी साचून राहते आणि पत्रा आतून खात जाते. मग एकच मार्ग उरतो. दुसऱ्या गाडीची टाकी आणावी, ती कापावी, जागेच्या मापाने तिचा आकार बदलावा आणि पुन्हा सांधावी. किंवा कोऱ्या पत्र्यातून नवीच घडवावी.

हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. ते करणारे हात कुशल आहेत, ते करून घेणारे लोक अप्रामाणिक नाहीत. पण हे काम कायद्याला दिसत नाही, कारखानेविषयक नियमांच्या कक्षेत येत नाही आणि शिक्षणसंस्थांच्या अभ्यासक्रमात त्याला मानाचे स्थान नाही. जे काम कोणालाच दिसत नाही, त्यातील धोकाही कोणाला दिसत नाही. तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

जुनी गाडी ही चैन नव्हे

'अभिजात मोटार' असे म्हटले की डोळ्यांपुढे संस्थानिकांचे वैभव उभे राहते. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निझामाची १९१२ सालची रोल्स रॉइस जपून ठेवलेली आहे. तिच्या टाकीची चिंता करण्याचे कोणाला कारण नाही. परंतु त्याच निझामी राजवटीचा भाग असलेल्या परभणी जिल्ह्यात मोटार आली ती मुख्यतः वाहतुकीचे साधन म्हणून. निझाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. भारतातील सरकारी रस्तावाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी होऊ लागली आणि काळ्या मातीच्या, पावसाळ्यात चिखलाने अडणाऱ्या या मुलखात जीपगाडी शेतकऱ्याच्या आणि सरकारी अंमलदाराच्या सोयीची ठरली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमियर पद्मिनी, आणि उत्तरपाड्याची अँबेसेडर यांनी मध्यमवर्गाचे अंगण गाठले.

या गाड्यांचे उत्पादन एकामागून एक थांबले. अँबेसेडरचा कारखाना २०१४ साली बंद पडला. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि त्या दिवशी वृत्तपत्रांनी हळहळीचे मथळे दिले. महानगराला हळहळ परवडते, कारण तेथे दुसरे वाहन लगेच हाताशी असते. जिल्ह्याच्या गावात जुनी गाडी ठेवणारा माणूस निराळा असतो. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली वडिलांची फियाट मोडवत नाही म्हणून सांभाळणारा शिक्षक असतो. शेतावर खत, बियाणे, गडी-माणसे नेण्यासाठी जीप चालू ठेवणारा शेतकरी असतो. आणि अलीकडे जुना सांगाडा विकत घेऊन, त्याला आपल्या मनाजोगते रूप देऊन मिरवणारा तरुणही असतो. या तिघांचे हेतू वेगळे. पण टाकी कापण्यासाठी तिघेही एकाच मिस्त्रीकडे जातात.

या प्रश्नाला आज निकड आली आहे ती दोन कारणांनी. पहिले कारण आर्थिक आहे. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दुप्पट झाले. एवढे भरून जो गाडी राखतो, तो दुरुस्तीत काटकसर करू पाहतो. दुसरे कारण रासायनिक आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालचे होते. ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. ऊसउत्पादक मराठवाड्याने या धोरणाचे स्वागत करावे हे स्वाभाविक आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की मिश्रण फाटते आणि पाणी व मद्यार्क यांचा थर तळाशी बसतो. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसे-कथिलाचा लेप असे. तो लेप, जुन्या रबरी नळ्या आणि मिस्त्रीने भोके बुजविण्यासाठी आतून फासलेली राळ, यांपैकी काहीच अशा इंधनासाठी बनलेले नव्हते. ज्या टाक्या आणखी दहा वर्षे टिकत्या, त्या आता लवकर बदलाव्या लागतील. म्हणजेच टाकी कापण्याचे काम घटणार नसून वाढणार आहे.

टाकी म्हणजे डबा नव्हे

बाहेरून पाहणाऱ्याला टाकी हा एक पत्र्याचा डबा वाटतो. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि वीस उंच असा डबा केला की त्यात ४८ लिटर पेट्रोल मावते, हे आठवीचा विद्यार्थीही सांगेल. पण त्यात ४८ लिटर भरू नये, हे सांगायला अनुभव लागतो. पेट्रोल उष्णतेने फुगते. दर अंशाला सुमारे हजारात एक भाग. भूमिगत साठ्यातील थंड पेट्रोल भरलेली गाडी वैशाखाच्या दुपारी उन्हात उभी राहिली आणि टाकीचे तापमान वीस अंशांनी चढले, तर ४० लिटरचे पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल जास्तीचे होते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर सहज जातो, तेथे वर मोकळी जागा न ठेवता घडविलेली टाकी झाकणावाटे पाझरणारच.

दुसरी गोष्ट आतील आडपडद्यांची. ४० लिटर पेट्रोलचे वजन ३० किलोच्या घरात जाते. वळणावर किंवा ब्रेक दाबताच हे तीस किलो एका बाजूला आदळतात. त्यांचा जोर मोडण्यासाठी टाकीत भोके असलेले उभे पत्रे बसवितात. टाकी कापून आखूड करताना हे पत्रे काढले जातात आणि पुन्हा बसविण्याचा त्रास कोणी घेत नाही, कारण ते गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. परिणाम काही महिन्यांनी दिसतो. सांधे त्याच धक्क्यांनी उकलतात.

तिसरी गोष्ट हवेची वाट. इंजिन पेट्रोल ओढते तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती वाट नसेल तर टाकीत पोकळी निर्माण होते, गाडी दहा-पंधरा किलोमीटरवर अडखळते आणि मालक कार्बोरेटरला दोष देत राहतो. हीच वाट चुकीच्या ठिकाणी काढली तर वाफ डिकीत किंवा बसण्याच्या जागेत शिरते. शिवाय पेट्रोल घेणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर हवे, नाही तर गाळ आणि पाणी इंजिनात जाते. इंधनमापकाच्या तरंगत्या गोळ्याची दांडी नव्या उंचीप्रमाणे जुळवावी लागते. टाकी धुराड्याच्या नळीपासून दूर हवी आणि पट्ट्यांनी आवळताना मध्ये रबर हवे. जुन्या विलिस जीपमध्ये तर टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. तेथील सांधा कच्चा राहिला, तर त्याची किंमत कोण मोजणार हे वेगळे सांगावयास नको.

ही सारी माहिती गुप्त नाही. चांगल्या मिस्त्रीला ती असते, पण ती त्याच्या हातात असते, कागदावर नसते. एका पिढीचा हात थकला की ती नाहीशी होते आणि पुढची पिढी पुन्हा चुकत चुकत शिकते.

रिकामी टाकी अधिक घातक

ज्या क्षणी मिस्त्री जुन्या टाकीला ज्योत लावतो, तो या सर्व व्यवहारातील सर्वांत धोक्याचा क्षण असतो. भरलेल्या टाकीची सर्वांना भीती वाटते. रिकामीची वाटत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. पेट्रोल स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते. आणि हवेत ही वाफ सुमारे १.४ ते ७.६ टक्के असली म्हणजे ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळण्यापुरती हवाच मिळत नाही. रिकाम्या टाकीत मात्र नेमके स्फोटक मिश्रण तयार होऊ शकते. ४० लिटरच्या टाकीतील हवा स्फोटक होण्यास चहाच्या एका चमच्याएवढे पेट्रोल पुरते. तेवढे तर सांध्यांच्या घड्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत नेहमीच मुरलेले असते. टाकी चार दिवस उन्हात ठेवली, तोंडाला नाक लावून वास घेतला आणि 'गेले आता' असे म्हणून वेल्डिंग सुरू केले, ही पद्धत नव्हे. तो जुगार आहे. त्यातही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तोंडातून आपोआप वर निघून जात नाही, तळाशी दबा धरून बसते.

सुरक्षित रीत अवघड नाही आणि फारशी महागही नाही. टाकी पूर्ण निथळावी, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने अनेकदा धुवावी, वाफेचा मारा करावा, सांध्याच्या जवळपर्यंत पाण्याने भरावी म्हणजे वाफेला जागाच उरत नाही; किंवा नायट्रोजन अथवा कार्बन डायऑक्साइड आत सोडावा. लहान भोकाला उघडी ज्योत न लावता, दूरच्या शेगडीत तापविलेल्या खैयाने कथिलाचा डाग द्यावा. अर्थात त्यापूर्वीही टाकी अशीच धुतलेली हवी. कापकाम शक्यतो कातरीने करावे. यासाठी लागतो तो अर्धा दिवस. पण गिऱ्हाईक तासाभरात गाडी मागते आणि मजुरी ठरविताना धुण्याच्या श्रमाचा हिशेब कोणी धरीत नाही.

हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३७ मध्येच स्पष्ट लिहिले होते की, ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ होता, तो पदार्थ व त्याची वाफ काढून टाकण्याचे पुरेसे उपाय केल्याखेरीज तिच्यावर वेल्डिंग, डागकाम किंवा उष्णतेने कापण्याचे काम करू नये. कायदा शहाणा होता. पण तो कारखान्यांसाठी होता. त्याची जागा घेणारी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यातही वीजशक्तीवर चालणारा कारखाना म्हणण्यासाठी किमान २० कामगारांची अट आहे. एक मिस्त्री आणि दोन पोरे असलेल्या गॅरेजापर्यंत हा शहाणपणा पोहोचतच नाही. धोका मात्र कामगारांची संख्या मोजून येत नाही.

मूळचे की गुन्हा?

आता मोटार कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील, असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. केरळ उच्च न्यायालयाने या तरतुदीचा सैल अर्थ लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ९ जानेवारी २०१९ रोजी अमान्य केला आणि मूळ रचनेत बदल करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्यान्वये नियमबाह्य फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गंमत अशी की नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो, सांगाड्याचा असतो, इंधनाचा प्रकार असतो. टाकीची जागा किंवा मापाचा रकाना नसतो. १५ जुलै २०२१ रोजी केंद्राने पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि प्रदर्शन, फेरी वा दुरुस्ती यांखेरीज रोजच्या वापरास मनाई, असे त्यांचे स्वरूप आहे. गाडी मूळ रूपात असावी; सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत भरीव फेरफार नसावा, अशीही अट आहे. येथेही टाकीबद्दल अवाक्षर नाही.

मग कुजलेल्या टाकीच्या जागी त्याच मापाची नवी टाकी बसविणे ही दुरुस्ती, की फेरफार? तीच टाकी आसनाखालून काढून मागे सरकविली तर? तिचे माप दुप्पट केले तर? या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण नियमांच्या लेखी ते अंतर नाही. जेथे नियम मुका असतो, तेथे अर्थ लावण्याचे काम रस्त्यावरच्या तपासनीसाकडे जाते. आणि ते तेथे गेले की प्रामाणिक माणूस घाबरतो, बेरकी माणूस मार्ग काढतो. शिवाय घाबरलेला माणूस काम उघड्यावर करून घेत नाही. तो ते रात्री, घाईने, अंधाऱ्या शेडमध्ये करून घेतो. संदिग्ध कायद्याने धोका कमी झाला नाही. तो फक्त आडोशाला गेला.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल. टाकीला परवानगीची फट ठेवली की तिच्यातून हत्ती जाईल. जादा टाक्या लावून करचुकवे डिझेल आणले जाईल, घरगुती गॅसच्या टाक्या गाड्यांत बसविण्याचा प्रकार बोकाळेल, असे म्हटले जाईल. ही भीती खोटी नाही. प्रवासी वाहनांत चोरून बसविलेल्या गॅस-सिलिंडरांनी घेतलेले बळी महाराष्ट्राने पाहिले आहेत. पण त्यावर उपाय काय झाला? गॅसवर गाडी चालविण्यास सरसकट बंदी घातली गेली नाही. मान्यताप्राप्त संच, अधिकृत बसविणारे केंद्र, सिलिंडरवरील शिक्का आणि दर तीन वर्षांनी दाबचाचणी, अशी शिस्त लावण्यात आली. या विषयावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. ज्या देशाने उच्च दाबाच्या सिलिंडरला नियमात आणले, त्याला साध्या पेट्रोलच्या टाकीला नियमात आणता येणार नाही, हे म्हणणे पटणारे नाही.

परदेशांतही हीच वाट चोखाळली गेली आहे. ब्रिटनमध्ये एकट्या-दुकट्या घडविलेल्या वा मुळापासून बदललेल्या गाडीसाठी वैयक्तिक मान्यतेची परीक्षा आहे. जर्मनीत फेरफार केलेली गाडी तपासून तज्ज्ञ अभियंता दाखला देतो. फेरफाराला मोकळे रान तेथेही नाही. पण मालकाला आपले काम घेऊन उजेडात येण्यासाठी एक दार ठेवलेले आहे.

आणि हे आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे, असे तरी कसे म्हणावे? एस. टी. महामंडळाने छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत वर्षानुवर्षे कोऱ्या सांगाड्यांवर गाड्या बांधल्या. पत्रा कापणारे, रिव्हेट मारणारे हात मराठवाड्यातीलच होते. फरक एवढाच की त्यांच्या पाठीशी आराखडा होता, तपासणी होती आणि चुकीचा जाब विचारणारा अधिकारी होता. कौशल्य तेच, केवळ व्यवस्थेने त्याला प्रतिष्ठा दिली.

जिल्ह्यातच होण्यासारखे

केंद्र सरकारने नियमांत तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. त्याच जागी त्याच मापाची टाकी ही दुरुस्ती समजावी; जागा वा आकार बदलल्यास तपासणी व नोंद आवश्यक करावी; मूळ मापाहून मोठी टाकी निषिद्ध ठरवावी. एवढ्याने रस्त्यावरील निम्मे वाद मिटतील. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे टाकीच्या कसोट्यांचे ज्ञान आहे. त्यातून गॅरेजाला झेपेल असे चार पानी मराठी मार्गदर्शन तयार होणे अवघड नाही.

परंतु दिल्लीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर आणि मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय येथेच आहे. शेतकऱ्याच्या अवजारांची चाचणी घेणारी यंत्रणा टाकीची गळती-चाचणीही घेऊ शकते. टाकी पाण्यात बुडवून आत अगदी अल्प दाबाची हवा सोडावयाची आणि बुडबुडे पाहावयाचे, इतकी ती सोपी आहे. उत्तीर्ण टाकीवर घडविणाऱ्याचे नाव, माप आणि तारीख कोरलेली पट्टी बसवावी. ज्या वस्तूवर नाव कोरावे लागते, ती वस्तू कारागीर निराळ्या निष्ठेने घडवितो. शनिवार-रविवारी चार मिस्त्री आणि वीस विद्यार्थी एकत्र बसले, तर पोरांना हातचे कसब मिळेल आणि मिस्त्रीला वाफेचे शास्त्र. परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने तेथे दंडाची वही न आणता मोजपट्टी घेऊन यावे.

शेवटी जबाबदारी गाडीच्या मालकावरही येते, आणि त्यात सुशिक्षित मालकावर अधिक. वडिलांची फियाट जपण्यातील माया मोलाची आहे. पण त्या मायेचा हिशेब गॅरेजातील सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातापायांनी चुकता होता कामा नये. टाकी धुवायला अर्धा दिवस लागेल, असे मिस्त्री म्हणतो तेव्हा तो वेळकाढूपणा करीत नसतो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी न कुरकुरता देणे, ही जुन्या मोटारीवरील प्रेमाची पहिली अट समजली पाहिजे. दुसरी अट सरकारने पुरी करावयाची आहे. ज्या कामाला बंदी घालता येत नाही आणि घालूही नये, त्याला नियम द्यावा. मौन हा न्यायाधीशाला शोभणारा गुण असेल. कायद्याच्या पुस्तकाला तो शोभत नाही.